विद्यापीठाच्या ठेवी कोट्यवधींच्या, मग फेलोशिप चार-चार महिने का रखडते?

जमाखर्ची

मार्च आला की दोन बातम्या शेजारीशेजारी छापून येतात. अमुक विद्यापीठाचा इतक्या कोटींचा अर्थसंकल्प अधिसभेत मंजूर. आणि त्याच विद्यापीठात संशोधन सहायकांना नोव्हेंबरपासून छदाम मिळालेला नाही. वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी खोटं बोलतंय. बहुतेक वेळा कुणीच खोटं बोलत नसतं, पैसा वेगवेगळ्या खिशांत असतो एवढंच.

पहिला खिसा म्हणजे राज्य शासनाचं वेतन अनुदान. ते आकृतिबंधात (शासनाने ठरवलेल्या पदांच्या आराखड्यात) मंजूर असलेल्या आणि भरलेल्या पदांपुरतंच येतं. दुसरा, विद्यापीठाचं स्वतःचं उत्पन्न: परीक्षा शुल्क, संलग्नता शुल्क, पदवी प्रमाणपत्रं, पात्रता, स्थलांतर वगैरे. तिसरा, केंद्राच्या संस्थांकडून येणारा प्रकल्प निधी. चौथा, ज्याच्यावर सगळ्यांचा डोळा असतो तो, ठेवींचा. त्यात विद्यार्थ्यांची अनामत, सेवानिवृत्तांच्या रजा रोखीकरणाची तरतूद, घसारा निधी आणि देणगीदारांचे पदक-पारितोषिक निधी. या शेवटच्या निधींचं फक्त व्याज वापरता येतं. एक लाखाच्या ठेवीवर १२ टक्क्यांनी १२,००० मिळायचे, साडेसहा टक्क्यांनी ६,५०० मिळतात. सुवर्णपदकातलं सुवर्ण कुठे गेलं, याचं उत्तर या वजाबाकीत आहे.

अर्थसंकल्पाची पुस्तिका हातात आली तर एकूण रकमेकडे बघू नका. प्रत्येक लेखाशीर्षापुढे (खर्चाच्या बाबीपुढे) तीन आकडे असतात: मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाची तरतूद. खरा आकडा पहिला. 'संशोधन प्रोत्साहन' या शीर्षाखाली दोन कोटींची तरतूद आणि मागचा प्रत्यक्ष खर्च अकरा लाख असेल, तर पुढच्या वर्षीही अकरा-बारा लाखच खर्च होणार. तुटीचा अर्थसंकल्प हाही निम्मा कागदीच. विभागप्रमुख मागच्या मागणीवर सरसकट दहा टक्के चढवतात, कुणी कापत नाही, आणि वर्षअखेर तरतुदी पडून राहिल्या की तूट आपोआप भरून निघते.

जाणकारांनी भर घालावी. किस्से नकोत, कामाचं लिहा.

सिनेटचा_मागचा_बाक

दुसऱ्या खिशाबद्दल. महाराष्ट्रातल्या जुन्या विद्यापीठांचा सगळा डोलारा परीक्षा शुल्कावर उभा आहे, आणि हा खिसा बारीक होत चाललाय. महाविद्यालय स्वायत्त झालं की परीक्षा त्याची, शुल्कही त्याचं. विद्यापीठाकडे पदवीदानापुरता हिस्सा उरतो. विद्यापीठ विभागलं तर तोच प्रकार. मराठवाडा विद्यापीठातून १९९४ साली नांदेड वेगळं झालं, शिवाजी विद्यापीठातून २००४ साली सोलापूर, नागपूरमधून २०११ साली गोंडवाना. महाविद्यालयं नव्या विद्यापीठाकडे जातात, परीक्षा भवन आणि त्यातला कर्मचारीवर्ग मात्र जुन्याच जागी राहतो.

म्हणून अंदाज बांधताना 'मागचं उत्पन्न अधिक पाच टक्के' हा हिशेब चुकीचा. महाविद्यालयनिहाय, अभ्यासक्रमनिहाय विद्यार्थिसंख्या घ्यायची, येत्या वर्षी स्वायत्त होणारी वजा करायची, मग शुल्काने गुणायचं. परीक्षा विभागाकडे ही आकडेवारी असते. वित्त विभाग ती मागत नाही, कारण दोन्ही इमारतींमध्ये दोनशे मीटरचं अंतर आहे.

पिपेट

माझा प्रश्न तिसऱ्या खिशाचा. प्रकल्प मंजूर, मंजुरीपत्रात रक्कम छापलेली, विद्यापीठाने स्वीकृती कळवलेली. तरी सहायकाचे पैसे निघत नाहीत. वित्त विभाग म्हणतो, 'लिमिट आलेली नाही.' ही लिमिट म्हणजे काय भानगड?

कोरा_धनादेश

पिपेट, पूर्वी अनुदान विद्यापीठाच्या बचत खात्यात रोख यायचं. आता केंद्राच्या बऱ्याच योजनांमध्ये शून्य शिलकीचं खातं असतं. पैसा केंद्राकडेच राहतो, तुमच्या खात्यावर फक्त खर्चाची मर्यादा चढते. देयक मंजूर झालं की त्या क्षणी तेवढीच रक्कम वरून निघते आणि थेट घेणाऱ्याच्या खात्यात पडते. सरकारच्या बाजूने यात तथ्य आहे, देशभर हजारो खात्यांत अनुदान पडून व्याज खात होतं. पण विद्यापीठात दोन गोष्टी बदलल्या आणि त्यांची दखल कुणी घेतली नाही.

पहिली: ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा शून्य होते. नव्या वर्षात ती पुन्हा मिळवावी लागते, आणि त्यासाठी आदल्या वर्षाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा कशावर खर्च झाला याचा दाखला, लागतं. एप्रिल ते जुलै हे जे भाकड महिने दिसतात ते यामुळे. सहायकाची नेमणूक चालू, मर्यादा शून्य.

दुसरी: पीएफएमएसवर (केंद्राच्या ऑनलाइन देयक प्रणालीवर) एक जण देयक तयार करतो, दुसरा तपासतो, मग डिजिटल स्वाक्षरी होते. यातली एक कडी तुटली की सगळं थांबतं. नेहमीची कारणं सांगतो. वित्त व लेखा अधिकारी बदलले आणि नव्यांची स्वाक्षरी नोंदवलेली नाही. स्वाक्षरीच्या डोंगलची मुदत संपली. सहायकाची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, आयएफएससी जुनाच राहिला, त्यामुळे खातं 'अमान्य' दिसतं. प्रमुख संशोधक निवृत्त झाला आणि प्रकल्प सहसंशोधकाच्या नावावर करायचं पत्र निधी देणाऱ्या संस्थेला गेलंच नाही. यांपैकी एकाही कामाला पैसा लागत नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कुणीतरी यादी घेऊन बसावं लागतं, बस्स.

जमाखर्ची

उपयोगिता प्रमाणपत्राचंही लिहा ना. निम्मी गाडी तिथेच अडते.

कोरा_धनादेश

लिहितो, जरा लांबेल.

नमुना जीएफआर १२-अ. सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम २३८. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यायचं, पण बारा महिने घेणाऱ्याचा पुढचा हप्ताही बारा महिन्यांनीच येतो. हिशेब तीन शीर्षांत वेगळा मांडायचा: सर्वसाधारण (३१), भांडवली मत्ता (३५), वेतन (३६). पस्तीसचा पैसा एकतीसमध्ये परस्पर वळवता येत नाही, लेखी पूर्वपरवानगी लागते. उपकरण स्वस्तात मिळालं म्हणून उरलेल्या पैशांतून रसायनं घेतली, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. रक्कम तुमच्या खिशातून भरून काढावी लागते.

एक उदाहरण घ्या. पहिल्या हप्त्यात ३५ खाली २०,००,००० आणि ३१ खाली ६,००,००० आले. उपकरणाचा पुरवठा आदेश १८ मार्चला गेला, माल मे महिन्यात येणार. ३१ मार्चला प्रमाणपत्रात ३५ खालचा खर्च किती? शून्य. वीस लाख नव्हेत. आदेश दिलेली रक्कम खर्चाच्या विवरणपत्रात 'बांधील खर्च' अशा वेगळ्या रकान्यात येते, प्रमाणपत्रात प्रत्यक्ष खर्चच येतो. 'पुढचा हप्ता अडकेल' या भीतीने वीस लाख खर्ची दाखवतात, आणि लेखापरीक्षकाने बँकेच्या विवरणाशी मेळ घातला की आक्षेपाचा पहिला परिच्छेद तिथेच लिहिला जातो.

जुन्या पद्धतीच्या बचत खात्यात व्याज साठलं असेल तर ते प्रकल्पाचं नाही, विद्यापीठाचंही नाही. नियम २३०(८): हिशेब अंतिम झाले की लगेच केंद्राच्या एकत्रित निधीत, भारतकोश या सरकारी भरणा पोर्टलवरून भरायचं. काही विद्यापीठांनी सगळ्या प्रकल्पांचा पैसा एकाच खात्यात ठेवला होता. तिथे दहा वर्षांच्या व्याजाची प्रकल्पनिहाय वाटणी करत बसलेले लिपिक आजही सापडतील.

आणि मत्ता नोंदवही, जीएफआर २२. उपकरण नोंदवहीत चढल्याशिवाय देयक पुढे पाठवू नका. खडू, काचसामान, रसायनं यांची नोंदवही वेगळी, ती जीएफआर २३.

पिपेट

धन्यवाद. प्रस्तावातले आकडे तीन वर्षांत पुरेनासे होतात, त्याचं काय करायचं?

लाल_फीत

पिपेट, दोन ठिकाणी गळती असते, दोन्ही आधी मोजता येतात.

मनुष्यबळ. १ जानेवारी २०२३पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) ३७,००० आणि वरिष्ठ ४२,००० झाली. त्याआधी ३१,००० आणि ३५,००० होती. पुण्यासारख्या वरच्या वर्गाच्या शहरात घरभाडे भत्ता २४ टक्के होता, तो आता ३० टक्के आहे. २०२१च्या सुरुवातीला कुणी तीन वर्षांसाठी (दोन वर्षं कनिष्ठ, एक वर्ष वरिष्ठ) मागणी केली असेल तर:

३१,००० + २४% = ३८,४४० × २४ महिने = ९,२२,५६०
३५,००० + २४% = ४३,४०० × १२ महिने = ५,२०,८००
एकूण १४,४३,३६०

आजच्या दराने तेच:

३७,००० + ३०% = ४८,१०० × २४ = ११,५४,४००
४२,००० + ३०% = ५४,६०० × १२ = ६,५५,२००
एकूण १८,०९,६००

फरक ३,६६,२४० रुपयांचा. निधी देणारी संस्था बहुधा वाढीव दर मान्य करते, पण मागणी विद्यापीठाने करायची असते, आपोआप काही येत नाही. ती मागणी कुणी करायची, प्रमुख संशोधकाने की विकास विभागाने, याचं परिपत्रकच बऱ्याच ठिकाणी निघालेलं नाही.

उपकरणं. विद्यापीठांना संशोधन उपकरणांवर ५ टक्केच जीएसटी लागण्याची सवलत होती, ती १८ जुलै २०२२पासून गेली. २० लाखांचं उपकरण २१ लाखांना पडायचं, १८ टक्क्यांनी २३ लाख ६० हजारांना पडतं. तरी जुन्या प्रस्तावाची नक्कल मारून ५ टक्के लिहिलेले प्रस्ताव अजून दिसतात.

खरेदीत आणखी एक. आधी जेमवर (सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजारावर) शोधायचं, नसेल तर तिथला अनुपलब्धता अहवाल धारिकेत लावायचा, मग निविदा. तांत्रिक तपशील एकाच कंपनीच्या माहितीपत्रकातून जसेच्या तसे उतरवले की दुसरा निविदाकार तक्रार करतो आणि सहा महिने जातात. खरोखरच एकच उत्पादक असेल तर तसं सरळ प्रमाणपत्र द्या, त्याला त्याच वित्तीय नियमांतला नियम १६६ आहे. स्पर्धेचं सोंग आणून तपशील वाकवू नका.

तासिकावाली

पैशाचं झालं, माणसांचं कोण लिहिणार? वेतन अनुदान 'भरलेल्या पदांपुरतं' येतं हे जमाखर्चींनी एका वाक्यात उरकलं. पदं का भरत नाहीत हा मूळ प्रश्न आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांनुसार कंत्राटी अध्यापक एकूण पदांच्या १० टक्क्यांहून जास्त नकोत, आणि त्यांचं एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या दरमहा वेतनाहून कमी नको. अतिथी अध्यापकांना २८ जानेवारी २०१९च्या पत्राप्रमाणे तासिकेला १,५००, महिन्याला कमाल ५०,०००. प्रत्यक्षात राज्याचा तासिका दर याहून कमी, आणि दहा टक्क्यांचं तर नावच काढू नका. सुट्टीत मानधन शून्य.

बिंदू_क्रमांक

तासिकावाली, पदं न भरण्याचं कारण दरवेळी 'शासनाची मान्यता नाही' एवढंच नसतं. मान्यता हातात असूनही जाहिरात निघत नाही, कारण बिंदुनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाला याची क्रमवार यादी, तयार नसते.

क्रम असा. संवर्गनिहाय नोंदवही: प्राध्यापक, सहयोगी, सहायक. मंजूर पदं, भरलेली पदं, प्रत्येक भरलेल्या पदावर व्यक्ती कोणत्या प्रवर्गातून आली त्याचा नेमणूक आदेश आणि जात वैधता प्रमाणपत्र. ही नोंदवही विभागीय आयुक्तालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून, म्हणजे 'मावक'कडून तपासून घ्यायची. तिथला शिक्का नसेल तर जाहिरात न्यायालयात टिकत नाही.

अडतं कुठे? आरक्षणाचं एकक 'विभाग' की 'संपूर्ण विद्यापीठ' यावर २०१७च्या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालानंतर देशभर गोंधळ झाला. केंद्राने २०१९ साली कायदा करून केंद्रीय संस्थांपुरता तो मिटवला, महाराष्ट्राने २०२१ साली स्वतःचा केला. तोवर तपासलेल्या नोंदवह्या बाद. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाचं १० टक्के आरक्षण आलं, पुन्हा बिंदू बदलले, पुन्हा तपासणी. यात विद्यापीठाचा दोष नाही. पण नोंदवही अद्ययावत असती तर दीड महिन्यात जी फेरी होते, ती जुने नेमणूक आदेशच सापडत नसल्याने दीड वर्ष चालते.

आणि एक चूक जवळजवळ सगळीकडे असते. कॅसखाली, म्हणजे सेवाकाळ आणि कामगिरीवर बढती देणाऱ्या योजनेत, सहायक प्राध्यापक पदोन्नत होऊन प्राध्यापक झाला, तर ती बढती त्या व्यक्तीपुरती. पद मूळ सहायक प्राध्यापकाचंच. तो निवृत्त झाला की रिक्त होतं ते सहायक प्राध्यापकाचं पद. नोंदवहीत ते 'प्राध्यापक' म्हणून चढवलं की वरच्या संवर्गात पदं जास्त, खालच्या संवर्गात कमी, आणि सगळे बिंदू सरकतात. मावक धारिका परत पाठवतं ती बहुतेकदा यासाठी.

तासिकावाली

हे कॅसचं पहिल्यांदा नीट कळलं. पण तोवर शिकवायचं कुणी? विद्यार्थी बिंदुनामावलीची वाट पाहत थांबत नाहीत.

बिंदू_क्रमांक

बरोबर. म्हणूनच तासिकांचा खर्च 'आकस्मिक' शीर्षात न टाकता स्वतंत्र शीर्षात, विभागनिहाय तासांवरून काढायला हवा. सहायक प्राध्यापकाचा प्रत्यक्ष अध्यापनाचा भार आठवड्याला १६ तास, सहयोगी आणि प्राध्यापकाचा १४. विभागाचे एकूण तास वजा नियमित अध्यापकांचे तास, गुणिले ३० आठवडे. एवढी आकडेमोड जूनआधी झाली तर ऑक्टोबरात 'तरतूद संपली' हे ऐकावं लागत नाही. अकरा महिने नेमून एक महिना खंड देण्याच्या चलाखीने मात्र काही वाचत नाही, न्यायालयं असला कृत्रिम खंड मोजतातच असं नाही.

लाल_फीत

कंत्राटी महिला कर्मचाऱ्यांबाबत एक भर. २६ आठवड्यांची प्रसूती रजा कंत्राटी कर्मचाऱ्यालाही लागू आहे, आणि मध्येच कंत्राटाची मुदत संपली तरी लाभ पूर्ण कालावधीचा द्यावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. प्रकल्पावरच्या सहायकांबाबत निधी देणाऱ्या संस्थेला आधीच कळवून ठेवा. अनेक जागी 'प्रकल्पात तरतूद नाही' असं सांगून राजीनामा घेतला जातो, तो बेकायदा आहे.

जुना_हजेरीपट

शिक्षकेतरांबद्दल कुणीच बोलेना. डिसेंबर २०१८ मध्ये शासनाने पदनामबदल आणि सुधारित वेतनसंरचनेचे जुने निर्णय रद्द केले. वेतननिश्चिती मागे फिरली, वसुलीचे आदेश निघाले. फेब्रुवारी २०२३च्या संपात हीच मागणी पुढे होती आणि परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. वसुली करायचीच का, यावर प्रशासनाची भूमिका काय असावी?

लाल_फीत

हजेरीपट, भूमिका सोडा, आधी निकाल वाचा. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह, सर्वोच्च न्यायालय, १८ डिसेंबर २०१४. वर्ग ३ आणि ४चे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा आदेशापासून वर्षभरात निवृत्त होणारे, आणि पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली गेली असेल ती प्रकरणं: यांच्याकडून वसुली नाही. वर्ग १ आणि २चे अधिकारी यात सरसकट येत नाहीत, आणि वेतननिश्चितीच्या वेळी त्यांनी 'जादा आढळल्यास परत करीन' असं हमीपत्र दिलं असेल तर २०१६चा जगदेव सिंग निकाल विद्यापीठाच्या बाजूने जातो.

तेव्हा वसुलीचा सरसकट आदेश काढणं म्हणजे पन्नास याचिका ओढवून घेणं. चार याद्या करा: वर्ग, निवृत्तीची तारीख, जादा रकमेचा कालावधी, हमीपत्र आहे की नाही. वेतन पुढे कमी करणं वेगळं आणि मागची वसुली वेगळी, टिपणीत दोन्ही एकत्र लिहू नका. खरा उपाय आधीचा: वेतननिश्चिती उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाच्या लेखाधिकाऱ्याकडून त्याच वर्षी पडताळून सेवापुस्तकात नोंदवून घेणं. निवृत्तीला सहा महिने उरल्यावर सेवापुस्तक उघडलं की निवृत्तिवेतन अडकतंच.

सिनेटचा_मागचा_बाक

करांचं थोडक्यात, कारण अधिसभेत याच्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. संलग्नता शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो, अशी भूमिका सप्टेंबर २०२४च्या जीएसटी परिषदेने घेतली. संशोधन अनुदानं मात्र त्याच बैठकीनंतर, १० ऑक्टोबर २०२४पासून, करमुक्त झाली. आयकरात, शासकीय अनुदान एकूण जमेच्या ५० टक्क्यांहून जास्त असेल तरच 'शासनाकडून पुरेसा निधी मिळणारी संस्था' ही सवलत. पदं रिक्त राहिली की वेतन अनुदान घटतं, ते घटलं की प्रमाण पन्नासच्या खाली येतं, आणि मग नोंदणी, उत्पन्नाच्या ८५ टक्के रकमेचा विनियोग अशा सगळ्या अटी मागे लागतात. रिक्त पदांमुळे कर भरावा लागू शकतो, हे व्यवस्थापन परिषदेत एकदा कुणी मोठ्याने म्हणायला हवं.

पिपेट

सगळं पटलं. पण मूळ प्रश्न तिथेच. एप्रिल ते जुलै सहायकाने खायचं काय?

जमाखर्ची

त्याला उत्तर आहे आणि ते महागही नाही. फिरता निधी. समजा, विद्यापीठात प्रकल्पांवर ४० सहायक आहेत. ४८,१०० × ४० × ३ महिने = ५७,७२,०००. म्हणजे अठ्ठावन्न लाखांत तीन महिने निघतात. पैसा दुसऱ्या खिशातून, प्रकल्पांच्या ओव्हरहेडमधून (प्रकल्प निधीतून विद्यापीठाला मिळणाऱ्या व्यवस्थापन खर्चाच्या हिश्श्यातून) साठलेल्या रकमेतून काढायचा, ठेवी मोडायची गरज नाही. मर्यादा आली की तेवढी रक्कम परत निधीत.

कोरा_धनादेश

एक अडचण. शून्य शिलकीच्या खात्यातून विद्यापीठाच्याच खात्यात पैसे वळते केले की लेखापरीक्षक विचारतो. म्हणून निधी देणाऱ्या संस्थेचं 'विद्यापीठाने दिलेल्या अधिछात्रवृत्तीची प्रतिपूर्ती मान्य' असं पत्र प्रकल्पाच्या सुरुवातीलाच घ्या. ते नसेल तर त्या प्रकल्पाला या निधीतून देऊ नका.

लाल_फीत

आणि हे कुलगुरूंनी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातल्या कलम १२(७)च्या तातडीच्या अधिकारात करू नये. तातडी दरवर्षी एप्रिलमध्येच येत असेल तर तिला तातडी म्हणत नाहीत. वित्त व लेखा समितीची शिफारस घेऊन व्यवस्थापन परिषदेत ठराव करा. मसुदा साधारण असा चालेल:

'प्रायोजित संशोधन प्रकल्पांवरील मंजूर व कार्यरत अधिछात्रांना, निधीची मर्यादा प्राप्त होण्यास विलंब झाल्यास, कमाल तीन महिन्यांची अधिछात्रवृत्ती फिरत्या निधीतून अदा करण्यास मान्यता. प्रकल्पाची मुदत शिल्लक असणे, मागील वर्षाचे उपयोगिता प्रमाणपत्र सादर झालेले असणे व निधी देणाऱ्या संस्थेचे प्रतिपूर्तीस मान्यता दिल्याचे पत्र असणे आवश्यक. प्रतिपूर्ती त्याच आर्थिक वर्षात.'

कोरा_धनादेश

मसुदा ठीक. फक्त त्यात 'अग्रिम' हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. अग्रिम म्हटलं की ते प्रमुख संशोधकाच्या नावावर चढतं आणि निवृत्तीच्या वेळी त्याच्या ना-देय प्रमाणपत्रात निघतं.